हौसामावशीचं राहिलेलं आवतण

हर्षदला ते वाक्य छापून येईपर्यंत फार आवडलं होतं.

‘गोळ्यांच्या गुंगीत हौसाबाईंची प्रतिभा निजली आहे; औषध थांबते तेव्हाच त्यांच्यातला धवला जागा होतो.’

पेणच्या एका वाचनालयाची स्मरणिका, पान सत्तेचाळीस, समोरच्या पानावर पोह्याच्या पापडांची जाहिरात. लेख हर्षदने लिहिला, टाइप हर्षदने केला, प्रूफही हर्षदनेच तपासलं. म्हणजे पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयही त्याने ठेवली नव्हती.

रोह्याला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म आणि हंगामात लग्नपत्रिका. मराठी घेऊन बी.ए. झाल्यावर साहित्याशी त्याचा संबंध उरला तो एवढाच, की ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ तो फॉन्ट बदलून बदलून छापायचा. कॉलेजात त्याने एकच चर्चासत्र मन लावून ऐकलं होतं, तेही जेवणात श्रीखंड आहे असं कळलं म्हणून. विषय होता प्रतिभा आणि उन्माद. बाहेरगावच्या सरांनी सांगितलं की बरेच मोठे कवी मनाने आजारी होते. मग ‘पण’ म्हणून त्यांनी पुढे आणखीही खूप काही सांगितलं. तोवर पानं मांडली होती, त्यामुळे ‘पण’च्या पुढचं हर्षदला आजतागायत माहीत नाही.

हौसामावशी त्याच्या आजोळची. पेणच्या खाडीकाठचं गाव, आणि बाई आईच्या वयाची, म्हणून मावशी. गावातली ती धवलारीण. लग्नात धवले गाणारी. भटजी मंगलाष्टका म्हणून मोटारसायकलला किक मारतो, पण त्याआधी हळदीच्या दिवशी धवलारणीने देवांना, पितरांना, गावच्या वेशीला, खाडीच्या पाण्याला एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावलेलं असतं. प्रत्येक नावाला एक सुपारी बाजूला काढायची. यालाच आवतण म्हणतात. नाव सुटलं तर तो पाहुणा रुसतो, आणि रुसलेल्याची जबाबदारी धवलारणीवर. पत्रिकेत नाव राहिलं की हर्षदच्या दुकानात येऊन लोक भांडतात, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथले भांडणारे दिसत नाहीत.

ती मूळची मिठागरावरची. नवरा सखा आणि ती उन्हात मीठ ओढायची, आणि सासू गिरजाबाई बांधावर बसून सुनेला धवले शिकवायची. चुकलं तर वरून खडा मारायची, मिठाचा. सखा लवकर गेला. मुलगा हरेश कंपनीत शिफ्टला लागला आणि मुलगी मनस्वी पेणला एका लॅबमध्ये रक्त काढते.

आजार एकतिसाव्या वर्षी आला. एका सकाळी हौसाने आळीतली सगळी अंगणं सारवून काढली, मालकांना न विचारता. लोक खूश झाले. दुसऱ्या दिवशी तिने ती सगळी पुन्हा सारवली. तिसऱ्या दिवशी लोक दारं लावून बसले. मग तीन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. घरात याला भरती नि ओहोटी म्हणायला लागले, कारण दुसरा शब्द कुणाला ठाऊक नव्हता आणि हा शब्द रोजच्या वापरातला होता. देवऋषी झाले, अंगारे झाले.

शेजारच्या रघूच्या हळदीला तिला भरती होती. गाव अजून ती हळद विसरलेलं नाही. देव संपले, पितर संपले, तरी हौसा थांबेना. तिने बांधाला बोलावलं, होडीला बोलावलं, विजेच्या खांबाला, तलाठ्याला, पुलावरच्या क्रेनला बोलावलं. साडेसहा तास. जेवण निवलं, पण एक बाई उठली नाही. गाव एवढंच सांगतं. पुढचं सांगत नाही, की चौथ्या दिवशी ती खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतून, चढत्या पाण्यालाच ‘ये गो, ये गो’ करत उभी होती, आणि नववीतल्या हरेशने तिला पाठीवर घेऊन बाहेर काढलं.

दोन वर्षांपूर्वी मनस्वीने हट्टाने तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, दोन टोकांचा आजार आहे, बायपोलर. गोळी लिहून दिली आणि समजावून सांगितलं की हाही एक क्षारच आहे, मिठाच्या जातीचा.

‘‘जनम मीठ काढन्यात गेला,’’ हौसा म्हणाली, ‘‘आता तेच गिलायला लावता.’’

पण ती गिळू लागली. झोप आली, जेवण जाऊ लागलं. हाताला थोडा कंप आला. लग्नांची बोलावणी चालूच होती, जुने धवले ती गातच होती. फक्त नवीन काही होईना. मागच्या दिवाळीत हर्षद फोनवर रेकॉर्डिंग लावून तिच्यासमोर बसला आणि ‘नवीन काय?’ म्हणाला, तेव्हा ती एवढंच बोलली, ‘‘नाय येत रं आता.’’

या चार शब्दांचं हर्षदने पान सत्तेचाळीस केलं.

त्याला एक गोष्ट माहीत नव्हती. धवलारीण आपल्या लेकीच्या हळदीला तिच्या नावाचा एक नवा धवला देते, असा त्यांच्या घरातला रिवाज. गिरजाबाईने आपल्या दोन्ही लेकींना दिला होता. मनस्वीचं लग्न एप्रिलअखेरीस ठरलेलं, आणि हौसाकडे ओळ नव्हती. अशात मनस्वीने कौतुकाने स्मरणिका आणली आणि आईला लेख वाचून दाखवला. ते वाक्य हौसाने दोनदा वाचायला लावलं.

‘‘छापलंय काय तसं?’’

‘‘व्हय गो आये.’’

त्या दिवसापासून गोळ्या तांदळाच्या डब्यात जाऊ लागल्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, अकराच्या सुमाराला, हौसामावशी रोह्याला दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. पदर खोचलेला, पाय धुळीने भरलेले, चेहरा असा उजळलेला की हर्षदला वाटलं, लग्नघराची कळा.

‘‘वही काढ बाला. आयला तो.’’

‘‘कोण आला?’’

‘‘धवला! तू बोल्लास तसाच जागा झाला.’’

‘‘अगं पण एकटी आलीस? गाडीनं?’’

‘‘गाडी लय हलू चालत व्हती रं. माझी गान्याची ओल पुरी व्हायची नि तिचा एक खांब नाय सरायचा. मंग निडीला उतरले नि चालत आयले.’’

आधीच्या निडी स्टेशनाहून रोहा म्हणजे उन्हातून दोन तासांची पायपीट. शहाण्या माणसाने इथेच हरेशला फोन लावला असता. हर्षदने वहीच्या समासात लिहिलं : ‘निडीहून पायी. छान तपशील.’

वही पत्रिकांच्या ऑर्डरींची होती. ‘चि. सौ. कां.’च्या खाली हौसामावशीचे धवले उतरू लागले. ती बसेना, दुकानाच्या दारातून काउंटरपर्यंत आणि परत अशी येरझारा घालत ती एकेकाला बोलावत होती. ट्रान्सफॉर्मरला. मिठाच्या ट्रकला. लॅबमधल्या रक्ताच्या बाटल्यांना. आणि मध्येच :

ठेसनातल्या बाये गो, तुजा सबुद दुरून येतो,
तोंड तुजं कुनी देखलं नाय, मांडवी तुला कोन नेतो?

हर्षदने ती ओळ लिहून तिच्याखाली दोनदा रेघ मारली. वर्षानुवर्षं ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ ऐकतोय, त्या बाईला लग्नाला बोलवावं हे आपल्या बापजन्मात सुचलं नसतं! त्याने फोनचं रेकॉर्डिंग लावलं. सदतिसाव्या कडव्याला बॅटरी संपली. तो चार्जर शोधायला आत गेला, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आधार कार्डाची झेरॉक्स मागायला आलं. बाहेर हौसामावशीचं गाणं चालूच होतं. तो परतला तेव्हा ती हसत होती, आणि शेजारचा चहावाला तमीम किटली हातात धरून जागच्या जागी उभा होता.

‘‘काय म्हणाली?’’ हर्षदने विचारलं.

‘‘कुणाला तरी बोलावलं,’’ तमीम म्हणाला. ‘‘भारी होतं एकदम.’’

हौसामावशी तोवर पुढे गेली होती. हर्षदने अडतिसावं लिहायला घेतलं.

बावन्नाव्याला तमीमने त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं आणि मूठ उघडली. मुठीत सोन्याची कुडी होती.

‘‘हे तिने मला दिलं. म्हणे चहाचा मान. हर्षद, तू वहीत बघतोयस, बाईकडे बघ ना. माझी चाची अशीच घरातलं सगळं वाटत सुटायची. झोपलेली नाहीये ती. कितीतरी दिवस झोपलेली नाहीये.’’

हर्षदने वळून बघितलं. आता कुठे त्याला टाचेवरचं रक्त दिसलं. ओठ सुकून फुटलेले. एका कानात कुडी, दुसरा मोकळा. आणि चार्जरला लावलेला फोन सुरू होताच मनस्वीचे अकरा मिस्ड कॉल दिसले.

‘‘तिथं हाय?’’ मनस्वी फोनवर रडत होती. ‘‘धरून ठेव तिला, सोडू नको. तांदूळ घ्यायला डबा उघडला तं गोळ्याच गोळ्या. लग्नाला सतरा दिवस ऱ्हायलेत दादा. तिला अशी नेऊन कुठं बसवू मी मांडवात? नि ओहोटी लागली तं ती उठणार बी नाय.’’

हरेश दीड तासात मित्राची गाडी घेऊन आला. हौसामावशी गाडीत बसेना. गोळी तर हातातही घेईना. मुलाला ती स्मरणिकेचं पान तोंडपाठ म्हणून दाखवत होती, हर्षदने लिहिल्यापेक्षा चांगल्या चालीत.

‘‘मावशी, मी चुकीचं लिहिलं गं,’’ हर्षद म्हणाला.

‘‘चुकीचं लिवलंस? नि छापलंस बी?’’ तिने त्याच्याकडे दयेने बघितलं. ‘‘आता मना गप करायला खोटं बोलतस. या पोरानं शिकिवलं तुला.’’

शेवटी तमीमने युक्ती काढली. स्टेशनातल्या बाईला आवतण द्यायचं तर पेणच्या स्टेशनात जाऊन द्यायला हवं, तिचं मोठं ऑफिस तिकडे आहे, असं त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मावशी लगबगीने गाडीत जाऊन बसली. दार लावताना हरेश हर्षदला म्हणाला, ‘‘तू लिहितोस चांगलं. आता एकदा चिखलातनं पाठीवर घेऊन यायला पन ये.’’



पुढचे दिवस हर्षदने पत्रिका छापल्या आणि मनस्वीच्या मेसेजची वाट बघितली. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, जोडीला झोपेचं औषध दिलं, रक्त तपासायला सांगितलं. ‘झोपली.’ ‘झोपलीच आहे.’ ‘पेज घेतली.’ ‘बोलत नाय.’ ‘मला विचारलं, हलद कधी.’ एवढ्यावर दिवस सरत होते. वाचनालयात जाऊन त्याने स्मरणिकेच्या उरलेल्या प्रतींत पान सत्तेचाळीसवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. ग्रंथपाल म्हणाले, ‘‘वाचतंय कोण?’’ हर्षद मनात म्हणाला, एक मावशीच ऐकते.

तेराव्या दिवशी तो वही घेऊन आजोळच्या गावी गेला. हौसामावशी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. त्याच डब्यातले. चेहऱ्यावरचा उजेड गेला होता, पण नजर जागेवर होती.

‘‘ये रं लेखक,’’ ती म्हणाली.

हर्षदने बोलायचं ठरवून आणलं होतं. खाडीचं पाणी भरतीला आत घेतात, मग उघाडी, म्हणजे बांधातलं दार, लावून ते उन्हात थांबवतात, तेव्हा कुठे मीठ धरतं. तसंच मावशी, भरतीत शब्द येतात, पण गाणं मात्र—

‘‘मिठागरात काम केलंस कधी?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग मिठाचं मना नको सांगू. वही वाच.’’

तो वाचू लागला. ती ऐकत होती, हात तांदळात.

‘‘हा ट्रान्सफॉर्मर कोनी बोलावला?’’

‘‘तूच.’’

‘‘काढ त्याला. लग्नात कशाला, शॉट लागंल कुनाला तरी. पुढं.’’

मिठाचा ट्रक गेला. रक्ताच्या बाटल्या गेल्या. मनस्वी घरातून ‘आये, त्या ऱ्हाव दे ना’ म्हणाली तरी गेल्या. एका कडव्याला ती हसली, एकाला तिने तोंड फिरवलं आणि ‘हे वाचू नको’ म्हणाली. ते खाडीच्या पाण्याचं होतं. बावन्नातली चार उरली. स्टेशनातली बाई राहिली. पण ‘कोन नेतो’ तिने तीनदा म्हणून बघितलं, चाल थोडी खाली ओढली, आणि मग ती ओळ अशी बसली की जणू आधीपासून तिथेच होती.

हर्षदने वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखून आणले होते. एक ‘भरती’, एक ‘बरी’. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि आता तरी विचारून लिहावं असं ठरवून तो आला होता. तिचा सगळ्यांत गाजलेला धवला, आता आसपासच्या गावांतल्या बायका गातात तो, रघूच्या हळदीतला असणार असं धरून त्याने तो पहिल्या रकान्यात टाकलाही होता :

बांधावरनं चालली लेक, टाचंला मीठ गो,
सासरी पाय धुतील तवा म्हायेर विरंल नीट गो.

‘‘तो? नाय रं. तो सुकटीचं वाटन वाटताना केला. दोन आठवडे गेले त्याला. ‘विरंल’ गावतच नव्हतं. सासू बोलायची, आधी सुकट नीट कर.’’

‘‘म्हणजे बरी होतीस.’’

‘‘बरी व्हते. बोर झाले व्हते.’’

हर्षदने खोडून दुसऱ्या रकान्यात लिहिलं. मग विचारलं, ‘‘मग आजारानं काहीच नाही दिलं?’’

तिने तांदळातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. ‘‘खोटं कशाला बोलू. त्या दिसांत सगलं दिसतं बाला. खांबाला बी तोंड असतं. आता नाय दिसत. कधी कधी लय याद येते.’’ मग आणखी एक खडा काढत, ‘‘पन त्या दिसांत मनस्वी समोर बसली तरी माझी नजर तिच्यावर टिकत नाय. तिची हलद मना बघायची हाय.’’

आतल्या कपाटावर पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची पट्टी ठेवलेली हर्षदला दिसली. पट्टीतली त्या दिवसाची जागा रिकामी होती.

‘‘आता लेकीचा धवला?’’ त्याने भीत भीत विचारलं.

‘‘यातला एक देते. ठेसनातली बाई. तिला लॅबला रोज गाडीनं जावं लागतं ना, त्या बाईचा सबुद तिच्या ओलखीचा.’’ मग ती एकदम त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘‘पन त्यात एक नाय. सगल्यांत चांगला तोच व्हता. मी हसले व्हते.’’

हर्षदने वहीची पानं मागे उलटली. सदतीस आणि अडतीसच्या मध्ये वहीत जागाही सोडलेली नव्हती.

‘‘मावशी, बॅटरी गेली होती. आणि एक गिऱ्हाईक…’’

‘‘कुनाला बोलावलं व्हतं मी?’’

‘‘मला नाही ऐकू आलं.’’

‘‘तो चायवाला?’’

‘‘त्याला एवढंच आठवतं, की भारी होतं.’’

हौसामावशीने डोळे मिटून बराच वेळ शोधलं. मग मान हलवली.

हळदीच्या दिवशी संध्याकाळी मांडवात डीजेवाल्याला तासभर गप्प बसवून तिने धवले गायले. गोळीच्या कंपाने मुठीतल्या अक्षता थोड्या थोड्या सांडत होत्या. अर्ध्या तासात देव झाले, पितर झाले, सखा आणि गिरजाबाई आली. मग तिने मनस्वीच्या तोंडावरून नजर न काढता स्टेशनातल्या बाईला बोलावलं. बायकांमध्ये आधी हसू फुटलं, आणि ‘तोंड तुजं कुनी देखलं नाय’ला ते थांबलं. मनस्वीच्या गालावरची ओली हळद डोळ्यांतल्या पाण्याने ओघळली. हरेश मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. हर्षदकडे बघून तो हसला नाही, पण त्याने सरकून जागा दिली.

साडेसहा तासांची आठवण काढणारी एक म्हातारी शेवटी म्हणाली, ‘‘संपला पन?’’

‘‘संपला,’’ हौसामावशी म्हणाली.

सुपाऱ्या मोजल्या तेव्हा तिने एक जास्तीची काढलेली निघाली. ती तिने कुणाच्याच नावावर धरली नाही. जेवणं चालू असताना हर्षदला हाताने बोलावलं आणि सुपारी त्याच्या तळव्यावर ठेवली.

‘‘ही त्याची. ज्याला बोलावलं नि तू आयकलं नाय त्याची. रुसून बसला असंल कुठं तरी. आठवला की नेऊन दे.’’

‘‘आणि नाही आठवला तर?’’

‘‘ते तुझं तू बघ. मी गोली घेऊन झोपते आता.’’

सुपारी दुकानातल्या ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांशेजारी आहे. तमीम रोज चहा ठेवताना एखादं नाव सुचवतो. काल म्हणाला, ‘‘झेरॉक्स मशीन असेल का रे?’’ हर्षदने मशीनकडे बघितलं, थोडा विचार केला आणि ड्रॉवर लावून टाकला.